प्रश्नचिन्हामागचा माणूस

१९३१ साली हॉलिवुडच्या युनिव्हर्सल कंपनीनं ‘फ्रँकेन्स्टाईन’ हा बोलपट काढला. त्याच्या सुरुवातीला पात्रांची आणि नटांची यादी येते. डावीकडं पात्र, उजवीकडं नट. शास्त्रज्ञ फ्रँकेन्स्टाईनपुढं कॉलिन क्लाइव्हचं नाव आहे, त्याच्या वाग्दत्त वधूपुढं मे क्लार्कचं. चौथ्या ओळीत राक्षस हा शब्द येतो, आणि त्याच्यापुढं नाव नाही. नुसतं प्रश्नचिन्ह आहे.

ही युक्ती तशी जुनी. मेरी शेलीच्या कादंबरीवर १८२३ साली लंडनला नाटक आलं, तेव्हा जाहिरातीत या पात्राच्या जागी नुसती रेघ ओढलेली होती. युनिव्हर्सलनं रेघेचं प्रश्नचिन्ह केलं, एवढंच. त्याच श्रेयनामावलीत मूळ लेखिकेचा उल्लेखही मेरी शेली असा नाही. मिसेस पर्सी बी. शेली असा, म्हणजे नवऱ्याच्या नावानं आहे. नावं गाळण्याची कला त्या कंपनीला चांगलीच साधली होती.

माझी उभी हयात बँकेत गेली. ज्या रकमेचा धनी ठरत नाही, ती आमच्याकडं उचंत खात्यात टाकतात. रक्कम खरी असते, खणखणीत असते, फक्त तिच्यापुढं नाव नसतं. हे प्रश्नचिन्ह पाहिलं की मला ते उचंत खातं आठवतं. कारण त्यामागचा माणूस त्या दिवसापर्यंतचं सगळं आयुष्य तशाच खात्यात काढून आला होता. त्यानं घेतलेलं नाव बोरिस कार्लॉफ. जन्माचं नाव विल्यम हेन्री प्रॅट. चित्रीकरणाच्या वेळी वय त्रेचाळीस. त्याच्या आधीचे चित्रपट मोजले तर ते ऐंशीच्या घरात जातात, आणि त्यांतला एकही सामान्य प्रेक्षकाला त्याच्या नावानिशी आठवत नव्हता.

कार्लॉफची गोष्ट लंडनपासून सुरू करायचा रिवाज आहे. मला ती आपल्याकडून सुरू करावीशी वाटते, आणि तसा आपला हक्कही आहे.

तेव्हाच्या अहमदनगरला, म्हणजे आताच्या अहिल्यानगरला, १८३१ साली कंपनी सरकारच्या फौजेतल्या एका सार्जंटच्या घरी एक मुलगी जन्मली. तिचं नाव अ‍ॅन एडवर्ड्‌स. १८४९ च्या नाताळात पुण्यात तिचं लग्न झालं. पुढं नवरा वारला, पदरी दोन मुलं. तिनं सिंगापूरला शाळा काढली आणि १८६२ साली सयामच्या राजाच्या मुलांना शिकवायला ती बँकॉकला गेली. ‘द किंग अँड आय’ या गाजलेल्या संगीतिकेतली आणि चित्रपटातली अ‍ॅना लिओनोवेन्स ती हीच. मात्र जगाला तिनं सांगितलं ते वेगळंच. आपण वेल्समध्ये जन्मलो, चांगल्या घराण्यातल्या आहोत, अशी तिची हकीकत होती. नगरची छावणी, सार्जंट बाप, आईच्या बाजूनं आलेलं एतद्देशीय रक्त हे सगळं तिनं पुसून टाकलं. ते इतकं नीट पुसलं, की तिच्या मृत्यूनंतर साठेक वर्षांनी संशोधकांनी कागद चाळले तेव्हा कुठं ते उघड झालं.

पुसायचं म्हणजे माणसंही तोडावी लागतात. अ‍ॅनाची सख्खी बहीण एलायझा. तिचा नवराही फौजेतलाच, तोफखान्यातला सार्जंट-मेजर. तिच्याशी अ‍ॅनानं संबंध ठेवला नाही. या एलायझाच्या मुलीचं लग्न १८६४ साली सुरतेला एडवर्ड प्रॅट नावाच्या सरकारी अधिकाऱ्याशी झालं. तो मीठ महसूल खात्यात होता. बाप इंग्रज, आई हिंदी. या जोडप्याचा सर्वांत धाकटा मुलगा म्हणजे आपला विल्यम हेन्री. जन्म २३ नोव्हेंबर १८८७, कुटुंब लंडनला परतल्यावर, कॅम्बरवेल भागातला. म्हणजे नगरची अ‍ॅना ही या राक्षसाची आजेमावशी.

अ‍ॅनाला खोटारडी म्हणायला माझी जीभ वळत नाही. त्या काळच्या इंग्रजी राज्यात अर्ध्या रक्ताच्या विधवेला राजवाड्यात कुणी शिक्षिका म्हणून नेमलं नसतं. आपल्याकडंही गाव सोडून शहरात आलेल्या कित्येकांनी आडनावं बदलली आहेत, ती काही हौसेनं नव्हेत. मात्र ज्या घरात असं पुसलं जातं, त्या घरातल्या पोरांना पुसण्याचा वारसा मिळतो. विल्यमला तो मिळाला, आणि जोडीला सावळा रंगही मिळाला. इंग्लंडमध्ये तो लपत नाही.

आईबाप लहानपणीच गेले. सावत्र बहिणीनं आणि थोरल्या भावंडांनी त्याला एनफिल्डला वाढवलं. तो बोलताना अडखळायचा. ते पुढं त्यानं प्रयत्नानं काबूत आणलं, पण ‘स’चा बोबडेपणा अखेरपर्यंत राहिला. पाय किंचित फेंगडे. घरची रीत अशी की मुलांनी सरकारी चाकरीत जायचं. एक भाऊ, जॉन, चीनमधल्या ब्रिटिश वकिलातीच्या सेवेत गेला आणि पुढं सर जॉन प्रॅट म्हणून नावाजला. धाकट्यानंही तीच वाट धरावी म्हणून त्याला चांगल्या शाळांत घातलं, लंडनच्या किंग्ज कॉलेजात पाठवलं. पण त्याचं मन शाळकरी वयापासून नाटकात. अभ्यास अर्धवट टाकून १९०९ साली, वयाच्या एकविसाव्या वर्षी, त्यानं कॅनडाची बोट पकडली. उतरला माँट्रिऑलला. योगायोग असा, की आजेमावशी अ‍ॅना आपलं उतारवय याच शहरात काढत होती आणि १९१५ साली तिथंच वारली. एकाच घरातली दोन माणसं, दोघांनीही मागचं सगळं सोडलेलं. ती शेवटच्या मुक्कामाला आलेली आणि हा पहिल्या.

कॅनडातली पहिली दोन वर्षं शेतमजुरीत आणि खोऱ्या-फावड्याच्या कामात गेली. १९११ साली एका फिरत्या नाटक मंडळीत जागा मिळाली. गाडीत बसल्यावर त्यानं स्वतःचं नवं नाव ठरवलं. कार्लॉफ हे आईकडच्या रशियन पूर्वजांचं आडनाव आहे, असं तो पुढं सांगत असे. त्याची मुलगी सारा हिनं मात्र असे पूर्वज घरात कुणाला ठाऊक नसल्याचं सांगितलं आहे. घराण्याचं नाव नाटकवाल्यांच्या जाहिरातीत नको, हाही हेतू असणार. नाव रशियन झाल्यानं सावळ्या रंगाचाही परस्पर खुलासा होऊन गेला. आजेमावशीची विद्या नातवाला अशी उपयोगी पडली.

फिरत्या मंडळीचा संसार आपल्या जुन्या नाटक कंपन्यांसारखाच. आठवड्याला नवं नाटक, दोन दिवसांत पाठांतर, गल्ला जमला तर पगार. १९१२ साली कॅनडातल्या रिजायना शहरात मंडळी अडकून पडलेली असताना तिथं भीषण चक्रीवादळ झालं. तेव्हा हा नट पडलेल्या घरांचा राडारोडा उपसायच्या मजुरीवर लागला. पहिल्या महायुद्धात भरती व्हायला गेला, तर हृदयात दोष म्हणून परत पाठवला. अशा वाटावळणांनी तो १९१७ च्या सुमाराला लॉस एंजेलिसला पोचला आणि मूकपटांत एक्स्ट्रा झाला.

आता या काळातल्या त्याच्या भूमिका पाहा. १९२० च्या ‘द लास्ट ऑफ द मोहिकन्स’मध्ये लूटमार करणारा रेड इंडियन. १९२१ च्या ‘द होप डायमंड मिस्ट्री’ या मालिकापटात हिंदू पुजारी आणि हिंदू नोकर. त्याच वर्षी किपलिंगच्या हिंदुस्थानातल्या गोष्टीवरच्या चित्रपटात अहमद खान. १९२२ साली ‘द मॅन फ्रॉम डाउनिंग स्ट्रीट’मध्ये जहान धारवाड नावाचा महाराजा. एका चित्रपटात नबाब, एकात इराणी इमाम, टारझनपटात आफ्रिकी टोळीचा नायक. गोऱ्यांच्या पडद्यावर जो कुणी गोरा नाही, तो सगळा याच्या वाट्याला. ज्या रक्ताचा घरात उच्चार होत नव्हता, त्या रक्तानंच त्याला रोजची भाकरी मिळवून दिली, आणि तीसुद्धा नकली पागोटं बांधून. सुरतेला संसार मांडलेल्या आईचा मुलगा कॅलिफोर्नियात हिंदू पुजाऱ्याचं सोंग आणतो, आणि बघणाऱ्यांना वाटतं, काय हा रशियन माणसाचा मेकअप!

भाकरी तरी रोजची कुठली? मधल्या काळात कामं आटली. तेव्हा या माणसानं ट्रक चालवला. बांधकामाचा माल, जड पिंपं चढवायची, उतरवायची. चाळिशी जवळ आलेली, गाठीला तपभराहून अधिक काळाचा रंगमंच आणि पडदा, आणि हातात ट्रकचं चाक. चित्रपटाचं काम निघालं की त्यासाठी सुट्टी काढायची आणि ते संपलं की पुन्हा पिंपं. याच दिवसांत लॉन चेनीशी त्याची ओळख झाली. शेकडो चेहरे धारण करणारा मूकपटांचा तो बादशहा. एका संध्याकाळी त्यानं पायी चाललेल्या कार्लॉफला आपल्या मोटारीत घेतलं आणि एक सल्ला दिला. दुसऱ्या कुणाला जमणार नाही किंवा कुणी करायला धजणार नाही असं काही शोध, मग लोक आपसूक वळून बघतील, असा त्याचा मतलब होता. कार्लॉफ हा सल्ला आयुष्यभर सांगत राहिला.

तसं काम मिळायला बोलपट यावे लागले. ‘द क्रिमिनल कोड’ या नाटकात त्यानं तुरुंगातल्या एका थंड डोक्याच्या खुनी कैद्याचं छोटं काम केलं. हॉवर्ड हॉक्सनं १९३१ साली त्याचा चित्रपट केला, तेव्हा तेच काम त्याला दिलं. तुरुंगातल्या चहाडखोराचा काटा काढायला तो हळूहळू पुढं सरकतो, तेव्हा त्याचा चेहरा दिसतही नाही. पाठ दिसते, चाल दिसते. भीती वाटायला तेवढं पुरतं.

त्याच सुमाराला युनिव्हर्सलच्या कँटीनमध्ये तो जेवत असताना दिग्दर्शक जेम्स व्हेलनं त्याला पाहिलं. राक्षसाच्या कामासाठी आधी बेला लुगोसीचं नाव होतं. ‘ड्रॅक्युला’ नुकताच गाजलेला. लुगोसीचं जमलं नाही. व्हेलला या अनोळखी नटाच्या डोक्याची आणि चेहऱ्याची ठेवण मनात भरली, आणि त्यानं राक्षसाच्या कामासाठी चाचणी द्यायला सांगितलं. कार्लॉफच्या अंगावर त्या दिवशी चांगला सूट होता, आणि चेहराही आपला बरा दिसतोय अशी त्याची समजूत होती. थोडं मन खट्टू झालं, असं तो पुढं हसत सांगे. पण काम म्हणजे काम.

रंगभूषाकार जॅक पिअर्स हा मूळचा ग्रीक. त्यानं रात्री जागून तो चेहरा घडवला. सपाट कपाळ, जड भुवया, मानेला दोन खिळे. कापूस आणि चिकट द्रवाचे थरावर थर द्यायचे, वर करडा-हिरवा रंग. रोज चारेक तास या रंगकामाला लागत आणि उतरवायला पुन्हा वेळ जाई. कार्लॉफनं स्वतःही भर घातली. तोंडात एका बाजूला बसवलेले कृत्रिम दात तो काढून ठेवी, त्यामुळं तो गाल खोल जाई. डोळे फार जिवंत, फार समजूतदार दिसतात असं वाटलं, म्हणून पापण्यांवर मेणाचे जड थर चढवून घेतले. पायात अनेक पौंडांचे बूट, अंगात ऐन उन्हाळ्यात जाड अस्तराचा पोशाख. एकदा तर सलग पंचवीस तास काम झालं. शेवटी पवनचक्कीच्या प्रसंगासाठी कॉलिन क्लाइव्हला खांद्यावर टाकून पुनःपुन्हा चढ चढावा लागला, त्यात पाठ दुखावली. ते दुखणं जन्माचं सोबती झालं.

एवढ्या लिंपणाखाली अभिनय करायचा तरी कशानं? वाचा नाही, नुसते हुंकार. चेहरा जवळजवळ बांधलेला. उरले हात आणि डोळे. हा चित्रपट मी पहिल्यांदा पाहिला तो व्हिडिओ कॅसेटवर. भुताखेताचा म्हणून पाहायला बसलो होतो. त्यातला एक प्रसंग तेव्हापासून मनातून गेलेला नाही. अंधारात ठेवलेल्या या प्राण्यावर छपराचं झाकण उघडून प्रथमच उजेड सोडतात. तो मान वर करतो, उठतो, आणि दोन्ही हात उचलून तो उजेड धरू पाहतो. झाकण पुन्हा लावतात. मग तो ते रिकामे हात आपल्या निर्मात्यापुढं पसरतो, त्याला कळत नाही आपलं काय चुकलं ते. राक्षस म्हणजे काय, हे कार्लॉफनं तिथं कायमचं ठरवून टाकलं. ज्याला जन्म दिला आणि नाव दिलं नाही, तो राक्षस.

तळ्याकाठचा प्रसंगही असाच. छोटी मारिया त्याला न घाबरता फुलं देते, पाण्यावर तरंगवायला शिकवते. फुलं संपल्यावर तो भाबडेपणानं तिलाच पाण्यात टाकतो, तीही फुलासारखी तरंगेल म्हणून. मुलीला असं फेकणं कार्लॉफला रुचत नव्हतं, त्यानं हरकतही घेतली होती. प्रत्यक्षात ती बालनटी, मॅरिलिन हॅरिस, त्याच्या भेसूर वेशाला मुळीच बिचकली नाही. चित्रीकरणाच्या जागी ती त्याच्याच मोटारीतून, त्याच्या शेजारी बसून गेली. सेन्सॉरनं मात्र घोटाळा केला. अनेक ठिकाणी त्यांनी तो मुलीला टाकतो तो तुकडा कापला. राहिलं काय, तर राक्षस मुलीकडं हात नेतो, आणि पुढच्या दृश्यात तिचा बाप तिचं प्रेत घेऊन येतो. मधलं प्रेक्षकांनी मनानं भरलं, आणि ते मूळ प्रसंगाहून कितीतरी ओंगळ होतं. कापलेला तुकडा १९८० च्या दशकात परत जोडला गेला. एका निरपराध माणसावरचा आळ पुसायला अर्धं शतक लागावं, तसंच हे झालं.

चित्रपटाच्या पहिल्या समारंभी खेळाला कंपनीनं कार्लॉफला बोलावलं नाही. एवढ्या क्षुल्लक नटाला काय बोलवायचं, असा हिशेब असणार. चित्रपटानं मात्र कंपनीला मंदीच्या दिवसांत तारलं. शेवटी येणाऱ्या नामावलीत प्रश्नचिन्हाच्या जागी त्याचं नाव आहे. लोकांनी ते वाचलं. मुलांची पत्रं येऊ लागली, आणि त्या पत्रांत भीती नव्हती, कणव होती. राक्षसावर अन्याय झाला हे पोरांना बरोबर समजलं होतं. वर्षभरात ‘द ममी’च्या जाहिरातीत कंपनीनं नुसतं कार्लॉफ एवढंच ठळक अक्षरांत छापलं. पहिल्या नावाचीही गरज उरली नाही.

इथं त्याच्या खात्यावर एक नावे रक्कमही टाकली पाहिजे. त्याच १९३२ साली त्यानं ‘द मास्क ऑफ फू मांचू’मध्ये चिनी खलनायक रंगवला. आशियाई माणूस म्हणजे गोऱ्यांच्या मुळावर उठलेला क्रूर कपटी, हा विखार त्या चित्रपटात उघडा आहे. एक भाऊ चीनच्या प्रश्नावर ब्रिटिश सरकारचा जाणकार, दुसरा तोंडाला पिवळा रंग लावून चिन्यांची बदनामी करणारा. आणि या दुसऱ्याच्या अंगात स्वतःच आशियाचं रक्त. पोटासाठी केलं म्हणावं, तर तेव्हा तो उपाशी नव्हता. मी त्याची बाजू मांडणार नाही. ज्याला आयुष्यभर परका म्हणून उभं केलं, त्यालाही परक्याचं दुःख सदैव आठवतंच असं नाही.

पण पुढच्या वर्षी त्यानं जे केलं, त्यानं माझ्या लेखी हा हिशेब बराचसा चुकता होतो. मार्च १९३३ मध्ये अमेरिकेतल्या बँका राष्ट्राध्यक्ष रुझवेल्टनी काही दिवस बंद केल्या. ती संधी साधून स्टुडिओंनी कलावंतांचे पगार निम्मे कापले. नटांच्या कामाला तासांची मर्यादा नव्हतीच, जेवणाच्या सुट्टीची खात्री नव्हती. पंचवीस तास रंग लेवून उभ्या राहिलेल्या माणसाला हे कुणी समजावून द्यायला नको होतं. काही नट एकमेकांच्या घरी गुपचूप जमू लागले. गुपचूप एवढ्यासाठी, की संघटनेचं नाव काढणाऱ्याला काम मिळणं बंद होण्याचा धोका होता. यात नायक-नायिका फारशा नव्हत्या. बाप, नोकर, पोलीस, खुनी अशी कामं करणारे चरित्र अभिनेतेच अधिक होते. जून १९३३ अखेर स्क्रीन अ‍ॅक्टर्स गिल्ड स्थापन झालं. कार्लॉफ संस्थापकांतला. त्याचा सभासद क्रमांक ९. मोठे तारे त्यानंतर काही महिन्यांनी आले, आणि निर्मात्यांनी गिल्डला मान्यता दिली ती १९३७ साली. मधली चार वर्षं याच मंडळींनी रेटली. पुढंही तो कित्येक वर्षं गिल्डच्या कार्यकारिणीवर होता.

ध्यानात घ्या, १९३३ साली त्याचं स्वतःचं उत्तम चाललेलं होतं. संघटनेची गरज त्याला उरलेली नव्हती. उलट गमावण्यासारखं तेव्हा कुठं हाताशी आलं होतं. बढती मिळाल्यावर माणूस पहिली गोष्ट काय करतो, तर खालच्या टेबलांकडं पाठ फिरवतो. हे मी पस्तीसेक वर्षं जवळून पाहिलं आहे. कार्लॉफनं ती फिरवली नाही. ट्रकवरचा माणूस त्याच्या आत शाबूत राहिला.

या संस्थापकांत त्याचे काही क्रिकेटमधले सोबतीही होते. हो, क्रिकेट! १९३२ साली हॉलिवुड क्रिकेट क्लब निघाला, तो सी. ऑब्रे स्मिथच्या पुढाकारानं. हा स्मिथ म्हणजे १८८९ साली कसोटीत इंग्लंडचं नेतृत्व केलेला खेळाडू आणि नंतर पडद्यावरचा रुबाबदार म्हातारा. कार्लॉफ तिथं रविवारी पांढरे कपडे घालून मैदानात उतरायचा. अमेरिकेत हयात काढूनही त्यानं नागरिकत्व मात्र ब्रिटिशच ठेवलं.

१९३३ सालीच एका चित्रपटासाठी तो इंग्लंडला परतला, चोवीस वर्षांनी. मनात धाकधूक, की साहेब झालेले थोरले भाऊ या राक्षसाला घरात घेतील का. प्रसिद्धीसाठी भावांबरोबर फोटो काढायची वेळ आली, तेव्हा तर तो अधिकच संकोचला. झालं उलटं. ते वयस्क, प्रतिष्ठित भाऊ फोटोत कोण कुठं उभं राहणार यावरून शाळकरी पोरांसारखे घोळ घालू लागले. या आठवणीनं तो अखेरपर्यंत सुखावत असे. ज्या घराण्याला लाज वाटू नये म्हणून नाव टाकलं, त्याच घराण्याला त्या टाकून घेतलेल्या नावाचा अभिमान वाटावा, याहून मोठी पावती कोणती?

पुढची कारकीर्द लांबलचक आहे. १९३५ साली ‘ब्राइड ऑफ फ्रँकेन्स्टाईन’मध्ये राक्षसाला वाचा दिली गेली. कार्लॉफचा त्याला विरोध होता. मुक्यानं जे मिळवलं ते बोलून जाईल, असं त्याला वाटत होतं. चित्रपट पाहता तो इथं चुकला असं म्हणावं लागतं, कारण एकटेपणाची व्यथा त्या तुटक शब्दांतही उतरली आहे. १९३९ च्या ‘सन ऑफ फ्रँकेन्स्टाईन’नंतर मात्र त्यानं ही भूमिका चित्रपटांतून सोडली. राक्षसाचं आता नुसतं सामान होत चाललं आहे, हे त्यानं ओळखलं होतं. पैशाच्या मोहात न पडता थांबता येणं नटाला फार अवघड. त्या चित्रपटाच्या वेळीच, त्याच्या एक्कावन्नाव्या वाढदिवशी, त्याला मुलगी झाली. तीच सारा.

१९४१ साली ब्रॉडवेवर ‘आर्सेनिक अँड ओल्ड लेस’ या विनोदी नाटकात त्यानं कार्लॉफसारखा दिसतो म्हणून चिडणारा खुनी रंगवला. स्वतःच्या प्रतिमेची स्वतःच टर उडवून घेतली. आधी त्याला न्यूयॉर्कच्या रंगमंचाची धास्ती होती. नाटक मात्र तुफान चाललं. व्हॅल ल्यूटननं काढलेल्या ‘द बॉडी स्नॅचर’मध्ये, १९४५ साली, त्यानं प्रेतं पुरवणाऱ्या घोडागाडीवाल्याचं काम केलं. माझ्या मते हे त्याचं सर्वांत पूर्ण काम. लिंपण नाही, स्वतःचाच चेहरा, आणि प्रतिष्ठित डॉक्टराला त्याचं पाप पदोपदी आठवून देणारं ते गोड हसू. १९५० साली ‘पीटर पॅन’मध्ये तो कॅप्टन हूक झाला. खेळानंतर मुलं रंगपटात आली की तो त्यांना तो आकडा हातात घालून बघू देई. मुलांसाठी त्यानं गोष्टींच्या ध्वनिमुद्रिका काढल्या. १९६६ च्या ‘ग्रिंच’च्या नाताळगोष्टीतला आवाज त्याचाच, आणि त्या ध्वनिमुद्रिकेला ग्रॅमी मिळालं. बोबडा म्हणून ज्या पोराला हिणवलं असेल, त्याचा आवाज अमेरिकेतल्या घराघरांत आजोबांचा आवाज झाला.

शेवटी शेवटी फुप्फुसं गेली. पायाला आधाराची पट्टी, चाकाची खुर्ची, बाजूला ऑक्सिजन. कॅमेरा सुरू व्हायची वेळ झाली की खुर्ची सोडायची. १९६८ साली तरुण पीटर बोग्दानोविचनं त्याला ‘टार्गेट्‌स’मध्ये घेतलं. भयपटांचा एक वृद्ध नट निवृत्त व्हायचं ठरवतो. कारण रोजच्या वर्तमानपत्रातल्या भयापुढं आपली भुतं पोरकट झाली, असं त्याला वाटतं. दुसरीकडं एक सुखवस्तू घरातला, गोमटा, हसतमुख तरुण बंदूक घेऊन अनोळखी माणसं टिपत सुटतो. खरा राक्षस कुरूप नसतो आणि अनाथही नसतो. सदतीस वर्षांपूर्वी त्या दोन रिकाम्या हातांनी सांगितलेली गोष्ट कार्लॉफनं अशी पुरी केली. २ फेब्रुवारी १९६९ रोजी इंग्लंडमधल्या मिडहर्स्टच्या इस्पितळात तो गेला. वय एक्क्याऐंशी.

१९९७ साली अमेरिकेच्या टपाल खात्यानं जुन्या भयपटांवर पाच तिकिटं काढली. त्यांतल्या दोहोंवर कार्लॉफ आहे. एकावर राक्षस म्हणून, एकावर ममी म्हणून. त्याचा स्वतःचा चेहरा दोन्हींवर नाही. पण २००३ साली चित्रपटाच्या पडद्यामागच्या कारागिरांवर तिकिटं निघाली, तेव्हा रंगभूषेच्या तिकिटावर पुन्हा तोच आला. यात तो काम करवून घेत शांत बसला आहे, आणि जॅक पिअर्स त्याचा राक्षस घडवतो आहे. याच पिअर्सला युनिव्हर्सलनं पुढं १९४० च्या दशकात काढून टाकलं होतं. ऐन भरात ज्यांची नावं कुणी नीट घेतली नाहीत असे दोन कामकरी, एक रंगवणारा आणि एक रंगवून घेणारा. त्याच्या सगळ्या चित्रांत मला हे अधिक खरं वाटतं. उचंत खात्यातली रक्कम उशिरा का होईना, धन्याच्या नावावर जमा झाली.